कंबर नसलेले जोडपे

एका छिद्राचा अपवाद सोडला, तर प्रकाशपेटीवरची प्लेट जशी असायला हवी तशीच होती.

गाईच्या मूत्रपिंडातल्या पेशी प्लेटच्या तळाशी एकमेकींना खेटून वाढतात आणि त्यांवर जांभळा रंग चढवला की अंथरलेल्या सतरंजीसारख्या दिसतात. विषाणूने जिथे पेशी मारल्या असतील तिथे रंग धरत नाही. पांढरे छिद्र उरते. एक छिद्र म्हणजे सुरुवातीला तिथे पडलेला एक विषाणू. छिद्रे मोजली की लशीत किती जिवंत विषाणू आहेत ते कळते. लस तयार करणाऱ्या त्या कंपनीत हे मोजमाप इतके नित्याचे होते, की माणसे घरच्यांशी फोनवर भांडता भांडताही बिनचूक मोजत. ही प्लेट बाजारात गेलेल्या एका बॅचची होती. प्रत्येक बॅचच्या काही कुप्या मागे ठेवायच्या आणि त्यांतली लस अजून जिवंत आहे ना, याची अधूनमधून हजेरी घ्यायची, असा तिथला शिरस्ता होता.

हजेरी घेणारा होता गुणवत्ता विभागाचा प्रमुख. खोलीचे तापमान असो की मुलीचे गुण, दशांशचिन्हापुढे दोन स्थळे गेल्याशिवाय त्याचे वाक्य संपत नसे, म्हणून सगळे त्याला दशांश म्हणत. त्याच्या शेजारी भिंग घेऊन उभी होती ती संशोधन विभागातली विषाणुतज्ज्ञ. शिक्षण गुरांच्या डॉक्टरकीचे. पण नोकरीला लागल्यापासून तिचा संबंध पेशींशी. "गाय सोडून गाईचं सगळं कळतं हिला," असे तिचा धाकटा भाऊ चारचौघांत सांगे. तो स्वतः गोठा चालवत असल्याने त्याला तसे म्हणण्याचा अधिकार होता.

"हे केवढं आहे!" ती म्हणाली.

"जोडपं आहे. दोन धरलेत मी."

शेजारी शेजारी पडलेल्या दोन विषाणूंची छिद्रे वाढता वाढता एकमेकांना मिळतात. प्रयोगशाळेत अशा छिद्राला जोडपे म्हणत आणि मोजताना दोन धरत. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो कोणी मोडतही नसे.

"जोडप्याला कंबर असते," ती म्हणाली. "शेंगेसारखं मधे चिमटलेलं असतं. ह्याला कुठाय कंबर?"

"मॅडम, कंबर नसलेलं जोडपं बघायचं असेल तर आमच्या घरी या. मी आणि ही सोफ्यावर बसलो की तिसऱ्याने सतरंजी शोधायची."

ती हसली, पण भिंग खाली ठेवले नाही. छिद्र नुसते मोठे नव्हते, गोल होते. एकाच बिंदूपासून निघून सगळ्या दिशांना सारख्याच वेगाने पसरल्याशिवाय अशी कड येत नाही. आणि या लशीतल्या विषाणूला तसे पसरता येऊ नये, यासाठीच तर तो घडवलेला होता.

माणसाला नागीण होते ती ज्या कुळातल्या विषाणूमुळे, त्याच कुळातला हा गुरांचा विषाणू. नाक, घसा, श्वासनलिका यांवर तो उघड हल्ला करतो; गाभण गाय गाभडते; आणि जी वाचते तिच्या मज्जातंतूंत तो जन्मभर मुक्काम ठोकतो. त्याच्या अंगावर चरबीचे आवरण असते आणि त्या आवरणात प्रथिने खोवलेली असतात. काही प्रथिने पेशीचे दार शोधतात, काही ते उघडतात. 'ई' नावाच्या प्रथिनाचे काम वेगळे. पेशीत नवे विषाणू तयार झाले, की ते कुठल्या बाजूने बाहेर पडावेत हे ठरवण्यात त्याचा हात असतो, आणि ई त्यांना धाडते ते दोन पेशी जिथे अंगाला अंग लावून असतात नेमके तिथे. रक्तातली प्रतिपिंडे रस्त्यावर पहारा देत राहतात. विषाणू मधल्या भिंतीतून शेजाऱ्याकडे पोहोचलेला असतो.

नाकात सोडायच्या या लशीतल्या विषाणूमधून हे ई काढून टाकले होते. तो पेशीत शिरे, वाढे, शरीराला आपली ओळख करून देई. शेजारी जाताना मात्र अडखळे. म्हणून त्याची छिद्रे टाचणीच्या डोक्याएवढीच राहत. त्याच प्लेटच्या शेवटच्या खान्यात तुलनेसाठी रानटी विषाणू सोडलेला होता, ई शाबूत असलेला. त्याची छिद्रे मोठी आणि गोल होती. तिने भिंग तिकडे नेले, पुन्हा इकडे आणले.

"शिंतोडा," दशांश म्हणाला. आता तो विनोद करत नव्हता. "शेवटच्या खान्यातून उडाला असेल. झाकण उचलताना होतं असं."

"होतं."

"दुसरं काही असतं तर आत्तापर्यंत ओरड झाली असती."

"तेही खरं." तिने भिंग ठेवले. "सीलबंद कुप्या काढू या. वेगळ्या इमारतीत, जिथे रानटी कधी नेलेलाच नाही तिथे लावू. दोष टेबलाचा की कुपीचा, तेवढं कळू दे."

हा प्रश्न योग्य होता आणि उत्तर मिळवण्याची पद्धतही. अडचण एवढीच, की पेशी आपल्या गतीने मरतात.

जेवणाच्या सुट्टीत भावाचा फोन आला.

"ताई, लसवाला येऊन बसलाय. चहा झाला, सगळ्या जगाच्या चौकशा झाल्या. देऊ ना लस?"

"खोक्यावरचा बॅच नंबर वाच."

त्याने वाचला. तोच होता.

"दोनचार दिवस थांबता येईल?"

"थांबून काय करू? रस्त्यापलीकडचा गोठा सगळा नाकाने गळतोय. काल तिथली एक गाभडली. वारा आमच्याकडे वाहतो की मी वाऱ्याला बॅच नंबर विचारू?"

तिने मनात दोन पारडी मांडली. एकीकडे रस्त्यापलीकडचा खरा, नाकातोंडातून वाहणारा रोग. भावाच्या गाभण गाई. हजारो गोठ्यांत गुण आलेली लस. दुसरीकडे एका प्लेटमधले एक छिद्र, ज्याचे सर्वांत साधे स्पष्टीकरण शिंतोडा हेच होते. कोणत्याही शहाण्या माणसाने जे उत्तर काढले असते तेच तिने काढले.

"दे," ती म्हणाली. "पण व्यायला टेकलेल्यांना देऊ नकोस. त्या वेगळ्या ठेव."

"त्यांनाच तर जास्त जपायला हवं! परवा तूच म्हणालीस, सरसकट सगळ्यांना द्या."

"खबरदारी म्हणून."

"कसली खबरदारी?"

वाक्य तिच्या जिभेवर तयार होते. पण पुराव्याशिवाय लशींविषयी संशय पेरणाऱ्यांशी तिने आजवर सभांमधून, लेखांमधून आणि लग्नाच्या पंगतींमधूनही वाद घातले होते. एका छिद्राच्या जोरावर आज त्यांच्या रांगेत जाऊन बसणे तिला जमले नाही. शिवाय लसवाला समोरच बसला होता. भावाच्या तोंडून निघालेला शब्द संध्याकाळपर्यंत पंचक्रोशी फिरून आला असता.

"माझं एवढं ऐक. वेगळ्या ठेव."

"बरं बाई. शिकलेली बहीण आणि हवामानाचा अंदाज, पटो न पटो, छत्री घेऊन निघायचं."

फोन ठेवल्यावर तिला बरे वाटले. व्यायला टेकलेल्या पाच गाई तरी या व्यवहाराच्या बाहेर राहिल्या होत्या. त्या पाचांवर भावाचे हे वर्ष उभे होते, हे तिला ठाऊक होते. त्याने अख्खा गोठा त्यांच्या दुधाच्या भरवशावर वाढवला होता.

सीलबंद कुप्या दुसऱ्या इमारतीत लावल्या गेल्या. पेशींवर तिने जो दाट थर ओतला त्यात लस दिलेल्या गाईचे सीरम मिसळलेले होते, प्रतिपिंडांनी ठासून भरलेले. पेशीबाहेर आलेला कुठलाही विषाणू या थरात क्षणभरही टिकणार नव्हता. शेजारी जायचे तर आतून, भिंतीतूनच जायला हवे.

दरम्यान कुपीतल्या लशीची जनुकचाचणी झाली. ईच्या जनुकाची खूण उमटली खरी, पण इतकी उशिरा आणि इतकी पुसट, की ती मृत कचऱ्याची आहे असे म्हणायला पुरेपूर जागा होती. दशांशने तसे म्हटलेही. मात्र म्हणताना त्याने गोदामातल्या उरलेल्या खोक्यांना हात लावू नये असा निरोप धाडला, आणि या निरोपात एकही दशांश नव्हता.

तिने भावाला फोन केला.

"गाई कशा आहेत?"

"ठणठणीत. एक शिंकली, तीही माझ्या तोंडावर."

"न दिलेल्या वेगळ्या आहेत ना?"

"आहेत गं. किती वेळा विचारशील? तू सांगितलंस तेव्हाच हलवल्या."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली सगळीकडे फक्त बारीक छिद्रे दिसत होती. दिसताहेत की नाही अशी, कुणीतरी सुई टोचून गेल्यासारखी. दशांश शीळ वाजवत आला आणि शीळ वाजवतच गेला. त्यानंतरच्या दिवशी एका खान्याच्या कडेला पेशींचा एक पुंजका फुगून गोल झाला होता. पेशी मरण्याआधी अशाच फुगतात. ती रोज त्याच जागी पाहू लागली. बारीक छिद्रे होती तेवढीच राहिली. पुंजक्याच्या जागी मात्र पोकळी पडली, पोकळीच्या कडेवरच्या पेशी फुगल्या, मग त्या गळून त्यांच्या मागच्या फुगल्या. घाई कुठेच नव्हती. एक ओळ संपली की पुढची.

तिने त्या खान्यातला द्रव काढून ताज्या पेशींवर टाकला. त्या पेशी मजेत जगल्या. द्रवात एकही जिवंत विषाणू नव्हता. प्रतिपिंडांनी आपले काम चोख बजावले होते. रस्ते स्वच्छ होते आणि वस्ती ओस पडत होती.

"शिंतोडा नाही," ती म्हणाली.

दशांशने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ हटवला नाही. "इथे रानटी कधीच आणला नाही ना आपण?"

"ह्या इमारतीत कोणी त्याचं नावसुद्धा घेतलेलं नाही."

"मग कुपीतच आहे."

"कुपीतच आहे."

तो आपल्या खोलीत गेला आणि या बॅचच्या जुन्या, वाळवून ठेवलेल्या प्लेटा घेऊन आला. बाजारात जाण्यापूर्वीच्या चाचणीच्या होत्या त्या. दोघांनी त्या प्रकाशपेटीवर एकेक करून ठेवल्या. मोठी छिद्रे विरळच होती, पण होती; गोल, कंबर नसलेली. प्रत्येकाशेजारी पेनाने दोन ठिपके दिलेले होते.

"दोन धरले मी," दशांश म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता. "प्रत्येक वेळी दोन. बॅच जास्त ताकदीची भरली म्हणून वरून शाबासकी आली होती. मी सगळ्यांना चहा पाजला."

रानटी विषाणू लशीत घुसला होता आणि लशीच्या गुणांत दुप्पट भर घालत होता. तो कुठून आला हे पुढे समिती शोधणार होती. समित्या बसण्यात तरबेज असतात. दशांशने मात्र समितीची वाट पाहिली नाही. त्याने फोन उचलला आणि बॅच परत मागवण्याचा निर्णय स्वतःच्या नावावर कळवून टाकला. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तुमच्या भावाकडे हीच गेली ना?"

ती तोवर पर्स उचलून दारात पोहोचली होती.

भाऊ फोन उचलेना. दूध काढताना तो फोन घरात ठेवत असे; गाईंना त्याच्या फोनची धून आवडत नाही असे त्याचे म्हणणे होते, आणि तिला ते अजिबात सिद्ध न झालेले वाटे. गाडी चालवता चालवता तिने हिशेब मांडला. नाकात लस दिलेल्या गाईंपैकी काहींच्या नाकात रानटी विषाणू उतरला असेल, वाढला असेल आणि श्वासागणिक बाहेर पडत असेल. त्या गाई आजारी दिसतीलच असे नाही. लशीचा विषाणूही सोबत होता, त्याने थोडे संरक्षण दिले असेल. रक्तात ईविरुद्ध प्रतिपिंडे सापडायला आठवडे लागतील. तोवर कोणती गाय बाधित आणि कोणती नाही, हे जगातला कोणताही माणूस सांगू शकणार नव्हता. पण त्या पाच वेगळ्या होत्या. हिशेबात तेवढी एक ओळ खणखणीत होती आणि ती तिच्यापाशी पुन्हा पुन्हा येत होती.

गोठ्याच्या दारात वहिनी भेटली. हातात दुधाची बादली, कपाळावर घाम.

"वन्सं! न कळवता? आता पाहुणचार म्हणून एक गाय पिळायला देते."

"त्या पाच कुठायत?"

"आधी दम तर घ्या. चेहरा बघा कसा झालाय."

"वहिनी, त्या पाच कुठायत?"

वहिनीने बादली खाली ठेवली आणि आत बोट दाखवले.

गोठा लांबट होता, एकाच छपराचा. गव्हाणीवर गाईंची ओळ उभी होती, पोटाला पोट लावून. ओळीच्या बरोबर मधोमध पाच जड, रुंद पोटे होती. त्यांच्या दोन्ही बाजूंना लस दिलेल्या गाई होत्या. भाऊ तिकडून हात पुसत आला आणि तिची नजर कुठे आहे ते पाहून खुलला.

"बघ, तुझ्या सांगण्याबरहुकूम. आधी ह्या रस्त्याकडच्या पडवीत होत्या. तू वेगळ्या ठेव म्हणालीस, तेव्हा ध्यानात आलं, पडवी तर थेट पलीकडच्या गोठ्याच्या तोंडावर आहे. त्याच दुपारी आत घेतल्या. मधलं फाटकही काढून टाकलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी लसवाल्या. तूच सांगितलं होतंस ना मागे, लस दिलेलं जनावर न दिलेल्याची ढाल असतं म्हणून? घे, पाचांना दोन्हीकडून ढाल!"

ती फाटक काढलेल्या जागेकडे पाहत होती. तो हसायचा थांबला.

"काय झालं?"

तिने सांगितले. थोडक्यात सांगितले आणि या वेळी एकही शब्द गाळला नाही. बोलत असताना ओळीतली एक गाय शेजारणीच्या मानेवर मान टाकून उभी राहिली.

"म्हणजे ह्यांच्यापासून वेगळ्या ठेवायच्या होत्या," भाऊ सावकाश म्हणाला. "त्यांच्यापासून नाही. ह्यांच्यापासून."

"हो."

"मी विचारलं होतं तुला. कसली खबरदारी, म्हणून विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"मग जीभ का अडली तुझी?"

"पुरावा नव्हता."

"पुरावा!" त्याने हातातले फडके गव्हाणीत फेकले. "पुरावा मी तुझ्या फोटोला हार म्हणून घालू का आता?"

"भांडण नंतर करा," वहिनी म्हणाली. "जन्म पडलाय त्याला. आधी गाई हलवा. वन्सं, हलवून उपयोग आहे ना?"

"पाचही बाधल्या असतील असं नाही," ती म्हणाली. "एकजरी सुटली असेल तर हलवायलाच हव्यात. आणि एकमेकींपासूनही लांब."

"आणि पोटातली?"

"सांगता येत नाही."

पडवीत न्यायचे तर पलीकडच्या गोठ्याचा वारा. इथे ठेवायच्या तर दोन्हीकडून ढाल. शेवटी गोठ्याचे टोक मोकळे करायचे ठरले. लस दिलेल्या गाई एका बाजूला रेटल्या गेल्या. पाचांना टोकाकडे ओढून, जमेल तेवढे अंतर राखून खांबांना बांधले गेले. गाईंना यातले काहीच पसंत नव्हते. भावाने काढून ठेवलेले फाटक भिंतीआडून आणले आणि दोन कळपांच्या मधे पुन्हा बसवले. लोखंडी नळ्यांचे फाटक होते ते, आडव्या चार नळ्या. गाय ओलांडून जाऊ नये एवढाच त्याचा हेतू.

तिने एकेकीचे तापमान घेतले, डोळ्यांत पाहिले, नाकपुड्या पाहिल्या. पाचही नाके ओली, थंड, स्वच्छ होती. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीही फुगण्याआधी अशाच दिसतात, टवटवीत.

"काही दिसतंय?" भावाने विचारले. रागाच्या तळाशी अजून आशा होती, आणि ती ऐकणे तिला रागापेक्षा जड गेले.

"काही नाही."

"म्हणजे चांगलंच ना?"

"म्हणजे काही दिसत नाही."

तो पत्रे शोधायला परसात गेला. फाटकाच्या फटी बुजवायला हव्या होत्या. वहिनी त्याच्यामागे खिळे आणि तार घेऊन गेली. गोठ्यात फक्त रवंथाचा आवाज उरला.

पाचांतली फाटकाजवळची गाय, सगळ्यात जड, एवढे दिवस जिच्या शेजारी उभी होती तिला शोधत वळली. दावे ताणले गेले, पण पुरले. तिने दोन नळ्यांमधून मुसकट बाहेर काढले. पलीकडून तिची शेजारीण पुढे आली आणि सवयीने तिचे नाक चाटण्यासाठी जीभ बाहेर काढली.

बहीण फाटकाकडे धावली. गाय मागे रेटली जाईना. तिच्यासारख्या बाईने रेटून हटावी एवढी गाय हलकी नसते. दावे खांबाशी घट्ट आवळलेले होते, गाठ सुटेना. परसात पत्रे वाजत होते, म्हणजे ते दोघे अजून लांब होते. मग तिने दुसरे काही न सुचून दोन मुसकटांच्या मधे आपला हात आडवा घातला.

दोन्ही गाई क्षणभर थबकल्या. मग एकीने अलीकडून आणि दुसरीने पलीकडून तो हात चाटायला सुरुवात केली.